रोस्किल्डेची जहाजे आणि बगदादचा मुसाफिर

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनातून पश्चिमेकडे जाणारी गाडी अर्ध्या तासाच्या आत रोस्किल्डेला पोहोचते. डेन्मार्कमधले हे जुने, टुमदार शहर. टेकडीवर लाल विटांचे भव्य चर्च आहे. डेन्मार्कचे राजे-राण्या पिढ्यान्‌पिढ्या तिथेच दफन झाले आहेत. चर्चच्या मागून उतार लागतो. तो उतरत गेले की खाली खाडी दिसते. शांत, उथळ, आपल्या कोकणातल्या खाडीसारखीच. फक्त काठाला माड नाहीत आणि वाऱ्यात जूनमध्येही गारवा असतो. या खाडीकाठी व्हायकिंग जहाजांचे संग्रहालय आहे. माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरी करतो आणि बायका-मुलांसह कोपनहेगनला राहतो. शाळेच्या उन्हाळी सुटीत त्याच्याकडे गेले, तेव्हा पहिला हट्ट याच ठिकाणाचा धरला.

व्हायकिंग म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या किनाऱ्यांवरून निघणारे दर्यावर्दी. ७९३ साली इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ त्यांनी लुटला आणि त्यांची दहशत पसरली. ८४४ साली ते थेट मुस्लिम स्पेनमध्ये उतरले आणि इश्बिलिया म्हणजे आजचे सेव्हिल शहर त्यांनी लुटले. तिथल्या अमीर दुसऱ्या अब्दुर्रहमान यांच्या फौजेने त्यांना हुसकावून लावले. पण हे लोक केवळ लुटारू नव्हते. ते शेतकरी होते, सुतार होते आणि पट्टीचे व्यापारीही होते. सिनेमात त्यांच्या डोक्यावर शिंगे असलेले शिरस्त्राण दिसते, तेही खरे नाही. शिंगांची ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी आणि नाटकांनी रूढ केली.

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात पाच जहाजांचे सांगाडे उभे आहेत. १०७० च्या सुमारास रोस्किल्डेच्या लोकांनी शत्रूची वाट अडवण्यासाठी खाडीच्या अरुंद मार्गात जुनी जहाजे दगड भरून बुडवली होती. १९६२ साली संशोधकांनी त्या जागेभोवती बांध घातला, पाणी उपसले आणि हजारो तुकडे एकेक करून बाहेर काढले. तुकडे जोडून जहाजे पुन्हा उभी केली आणि १९६९ साली हे संग्रहालय उघडले. त्यातले सर्वांत लांब युद्धजहाज सुमारे ३० मीटरचे आहे. लाकडातल्या वर्षवलयांवरून कळले की त्याचा ओक वृक्ष आयर्लंडमधला आणि जहाज १०४२ साली डब्लिनच्या परिसरात बांधलेले. दुसरे एक पोटाळ मालवाहू जहाज नॉर्वेतून आलेले आहे. म्हणजे एका खाडीच्या तळाशी अर्ध्या उत्तर युरोपची जहाजे एकत्र निजली होती.

दालनाबाहेर धक्क्यावर या जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती पाण्यात डुलत असतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. लांब युद्धजहाजाची प्रतिकृती २००४ साली पाण्यात उतरली. २००७ च्या उन्हाळ्यात साठाहून अधिक खलाशांनी ती शिडाच्या आणि वल्ह्यांच्या बळावर, गरज पडेल तिथे दुसऱ्या बोटीची मदत घेत, डब्लिनला नेली. सहा आठवडे उघड्या जहाजावर, पावसात आणि थंडीत. जवळजवळ हजार वर्षांनी ते जहाज जणू माहेरी गेले! पुढच्या वर्षी ते परत आले.

शेजारीच गोदी आहे. तिथले कारागीर ओकचे खोड करवतीने कापत नाहीत. पाचरी ठोकून उभे चिरतात आणि फळ्या कुऱ्हाडीने तासतात. एका फळीची कड दुसरीवर चढवून मध्ये लोखंडी खिळे मारतात आणि सांध्यात डांबरात भिजवलेली लोकर भरतात. मला आपल्या समुद्राची आठवण झाली. अरबी समुद्रातल्या जुन्या जहाजांच्या फळ्या कडेला कड लावून काथ्याने शिवत असत. तिकडे लोकर, इकडे काथ्या; ज्याच्या दारात जे पिकते त्यातून त्याने आपला समुद्रावरचा रस्ता तयार केला. व्हायकिंग जहाजाचे सुकाणू मागे मधोमध नसून उजव्या कडेला असते. भाऊ म्हणाला, “आपा, आम्ही आजही जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतो ना, तो शब्द याच सुकाणूवरून आला.” इतकी वर्षे बोटीवर काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा शाळकरी मुलाचा आनंद होता.

उन्हाळ्यात इथे पाहुण्यांना छोट्या शिडाच्या होडीत बसवून खाडीत नेतात. शीड चढवायचेही आपण आणि वल्ही मारायचीही आपणच. रोस्किल्डेजवळ लेरे नावाचे गाव आहे. तिथे १९६४ पासून प्राचीन वस्तीचे एक केंद्र चालते. उन्हाळ्यात आजकालची डॅनिश कुटुंबे काही दिवस तिथल्या गवताच्या छपराच्या घरांत येऊन राहतात. हाताने विणलेले कपडे घालतात, चुलीवर शिजवतात, धान्य दळतात. माझ्या भाच्याने त्यांना ‘काळप्रवासी’ असे नाव दिले. “फुफी, हे लोक सुटी संपली की परत आजच्या काळात येतात!” मला हे लोक आवडले. पुस्तकात वाचलेली गोष्ट हाताने करून पाहिली की आदर वाढतो, हे कुठल्याही शिक्षकाला पटेल. पण एक फरक मनात राहतो. त्यांना परतीची वाट आहे. कंटाळा आला तर गाडी बाहेर उभी आहे. इतिहासातल्या माणसांना अशी गाडी नव्हती.

खऱ्या अर्थाने दुसऱ्या जगातून येऊन या दर्यावर्दींमध्ये उभा राहिलेला आणि डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव अहमद इब्न फदलान. व्हायकिंगांच्या जहाजावरच्या अंत्यसंस्काराचे प्रत्यक्ष पाहिलेले सविस्तर वर्णन त्याच्याइतके कोणीच केलेले नाही. आणि ते अरबी भाषेत आहे.

झाले असे, की व्होल्गा नदीच्या काठी बुल्गार नावाचे लोक राहत. त्यांचा राजा अल्मिश याने बगदादला खलिफा अल-मुक्तदिर यांच्याकडे विनंती पाठवली : आम्हाला दीन शिकवणारे कोणी पाठवा, मशीद आणि मिंबर बांधून द्या, किल्ल्यासाठी पैसे द्या. २१ जून ९२१ रोजी बगदादहून शिष्टमंडळ निघाले. त्यात खलिफांचे पत्र वाचून दाखवण्याचे आणि आलिमांवर देखरेख ठेवण्याचे काम इब्न फदलानकडे होते. नेशापूर, मर्व, बुखारा करत ते ख्वारिज्मला पोहोचले आणि हिवाळ्यात अडकले. हमाममधून घरी येईपर्यंत दाढीचा बर्फ होई आणि ती शेकोटीसमोर धरून वितळवावी लागे, असे तो लिहितो. पुढच्या प्रवासात अंगावर कपड्यांचे इतके थर होते की उंटावर हालचाल करता येईना. सोबत निघालेले फकीह आणि मुअल्लिम मात्र भीतीने ख्वारिज्ममध्येच थांबले. शिक्षक म्हणून हे वाचताना मला हसूही आले आणि थोडी शरमही वाटली!

१२ मे ९२२ ला तो बुल्गारला पोहोचला. किल्ल्यासाठी द्यायचे चार हजार दिनार वाटेत मिळालेच नव्हते. त्यामुळे राजाचा राग त्याला सोसावा लागला. तरीही राजाने खलिफांच्या नावावरून जाफर हे नाव घेतले. तिथल्या काही चालीरीती बदलण्याचा आपण खूप प्रयत्न केला, पण जमले नाही, असेही इब्न फदलान प्रांजळपणे लिहितो. त्याचा हा प्रांजळपणाच त्याच्यावर विश्वास ठेवायला लावतो.

त्याच्या सफरनाम्यातला एक प्रसंग मला कोपनहेगनमध्ये रोज आठवत होता. एका संध्याकाळी राजाच्या पदरी असलेल्या बगदादच्या शिंप्याबरोबर तो तंबूत गप्पा मारत ईशाच्या अजानची वाट पाहत होता. थोड्याच वेळात अजान झाली. बाहेर येऊन पाहतो तर उजाडू लागलेले. मुअज्जिनला विचारले, ही कोणती अजान? तो म्हणाला, फजरची. मग ईशा? ती आम्ही मगरिबसोबतच पढतो. रात्रीच इतक्या लहान होत्या.

नकाशा उघडून पाहा. बुल्गारचे अवशेष आज रशियातल्या तातारस्तानात आहेत. ते ठिकाण आणि रोस्किल्डे साधारण एकाच अक्षांशावर, उत्तरेला ५५ अंशांच्या आसपास आहे. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात भावाच्या घरी मगरिब रात्री पावणेदहानंतर होत होती आणि साडेचारला सूर्य पुन्हा वर. मध्यरात्रीही उत्तरेकडचे आकाश पुरते काळे होत नव्हते. तिथल्या मुस्लिम कुटुंबांपुढे आजही तोच प्रश्न असतो : ईशा केव्हा? कोणी मशिदीने ठरवलेले वेळापत्रक पाळतात, कोणी दोन नमाजा एकत्र करतात. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढणारी मी रोस्किल्डेच्या खाडीकाठी जोहरला आग्नेयेकडे वळून उभी राहिले, तेव्हा अकराशे वर्षांपूर्वीचा तो गोंधळलेला मुसाफिर मला फार जवळचा वाटला.

बुल्गारमध्येच इब्न फदलानला ‘रूस’ भेटले. पूर्वेकडच्या नद्यांमधून जहाजे हाकत आलेल्या व्हायकिंग व्यापाऱ्यांना त्या काळी हे नाव होते. खजुराच्या झाडासारखे उंच, गोरे-तांबूस, प्रत्येकाजवळ कुऱ्हाड, तलवार आणि सुरी. असे धडधाकट शरीर आपण कधी पाहिले नाही, असे तो म्हणतो. त्याच वेळी, एकाच घंगाळातल्या पाण्यात पाळीपाळीने सगळ्यांनी तोंड धुण्याची त्यांची रीत पाहून त्याला किळस येते. वाहत्या पाण्याने वजू करणाऱ्या माणसाची ती प्रतिक्रिया आहे. लाकडी मूर्तीपुढे भाकरी, मांस, कांदे ठेवून ते मागणे मागत की, दिनार-दिरहम बाळगणारा आणि घासाघीस न करणारा गिऱ्हाईक आम्हाला मिळू दे. एका रूस माणसाने तर दुभाष्यामार्फत त्याची थट्टाही केली : तुम्ही अरब आपल्या लाडक्या माणसाला मातीत पुरता आणि किडे त्याला खातात, आम्ही जाळतो, तो क्षणात जन्नतमध्ये जातो. इब्न फदलानने ही थट्टाही जशीच्या तशी लिहून ठेवली. समोरच्याचे बोलणे न बदलता नोंदवणे, हा गुण आजही दुर्मीळ आहे.

याच रूस लोकांच्या एका सरदाराचा अंत्यविधी त्याने पाहिला. जहाज काठावर ओढून आणले, त्यात मृताला बसवले, शस्त्रे ठेवली, जनावरे मारली. मग त्याच्याबरोबर कोण जाणार असे दासींना विचारले. एकीने होकार दिला. एकदा होकार दिला की माघार नाही. तिला कैफ येणारे पेय पाजले. दाराच्या चौकटीसारख्या एका उभारणीवर तिला तीनदा उचलून धरले. पहिल्यांदा ती म्हणाली, मला माझे आई-वडील दिसत आहेत. तिच्यावर पुढे जे जुलूम झाले ते सगळे इथे लिहिण्याजोगे नाहीत. तिचा आवाज इतर मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून पुरुषांनी ढाली बडवल्या. शेवटी जहाजाला आग लावली. त्या जागी मातीचा ढिगारा केला, वर एक खांब रोवला आणि त्यावर सरदाराचे व आपल्या राजाचे नाव लिहिले. मुलीचे नाव कुणीच लिहिले नाही.

संग्रहालयातल्या देखण्या जहाजांपुढे उभे राहताना ही मुलगी विसरता येत नाही. आणि तिथेच एक अवघड प्रश्न आपल्यालाही येऊन भिडतो.

कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हायकिंगांच्या चांदीच्या ठेव्यांमध्ये अरबी नाणी आहेत. काचेपलीकडचा एक पातळ दिरहम मी बराच वेळ पाहत राहिले. कूफी लिपी, नुक्ते नाहीत, तरी कलमा ओळखता आला. डोळे भरून आले, हे खरे. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ साली स्पिलिंग्ज येथे एका शेतात ६७ किलो चांदीचा ठेवा सापडला. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यातली बहुतेक मुस्लिम देशांतली. दहाव्या शतकात समरकंद आणि ताश्कंदच्या टाकसाळींतले दिरहम व्होल्गामार्गे बाल्टिक समुद्रापर्यंत वाहत गेले. व्हायकिंगांना त्यावरच्या अक्षरांशी देणेघेणे नव्हते. ते नाणी मोजत नसत, तोलत. गरज पडली की तुकडे करत. ज्याच्याकडे दहा हजार दिरहम झाले तो बायकोच्या गळ्यात एक हार घाली, वीस हजार झाले की दोन, असे इब्न फदलान सांगतो. एक दिरहम साधारण तीन ग्रॅमचा धरला, तर एका हारामागे सुमारे तीस किलो चांदी!

ही चांदी कशाच्या बदल्यात गेली? सेबलसारख्या मऊ लोकरीच्या कातड्यांच्या, मधाच्या, मेणाच्या, अंबरच्या आणि माणसांच्या. पूर्व युरोपातल्या खेड्यांतून पकडून आणलेल्या मुली-मुलांच्या. विकणारे रूस होते. पण मागणी आमच्या शहरांतून होती. ज्या दीनने गुलामाला मुक्त करणे हे मोठे पुण्य सांगितले, गुन्ह्याच्या कफ्फाऱ्यात आणि जकातीच्या खर्चातही त्यासाठी जागा ठेवली, त्या दीनचा कलमा कोरलेले नाणे एखाद्या मुलीची किंमत म्हणून मोजले गेले असेल. हे लिहिताना हात थांबतो, पण थांबवू नये. आपल्या मुलांना बगदादची ग्रंथालये, वेधशाळा आणि रुग्णालये सांगताना हेही सांगितले, तरच ती शिकवण खरी.

उलट बाजूने, अभिमानापोटी खोटे उचलण्याचा मोहही मोठा असतो. स्वीडनच्या बिर्का या व्हायकिंग गावातल्या एका स्त्रीच्या कबरीत नवव्या शतकातली चांदीची अंगठी मिळाली. तिच्या काचेच्या खड्यावर कूफी अक्षरे आहेत आणि ती अल्लाहच्या नावाशी जोडून वाचली जातात. ही वस्तू खरी आहे. पण ती स्त्री मुस्लिम होती, असे केवळ अंगठीवरून ठरत नाही. २०१७ साली मात्र आणखी एक बातमी जगभर गेली : व्हायकिंग कबरींतल्या रेशमी पट्ट्यांवर ‘अल्लाह’ आणि ‘अली’ असे विणलेले आहे. टेक्सास विद्यापीठातल्या इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांनी लगेच दाखवून दिले की अशी चौकोनी कूफी शैली त्या काळानंतर शेकडो वर्षांनी रूढ झाली आणि ते नाव जुळवण्यासाठी पट्टीचा जो भाग सापडलेलाच नाही तो कल्पनेने वाढवला आहे. हा खुलासा मूळ बातमीइतका पसरला नाही. आजही कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांत ‘व्हायकिंग मुसलमान होते’ असे संदेश येतात आणि चांगले शिकलेले लोकही ‘माशाअल्लाह’ म्हणून पुढे पाठवतात. बातमी आली की आधी पडताळा, हा तर आपल्या दीनचाच हुकूम. तो फक्त विरोधकांच्या बातम्यांसाठी नाही. आपल्याला आवडणाऱ्या बातम्यांसाठी तो जास्त गरजेचा आहे.

आणि गंमत अशी की खरा इतिहास या अफवेपेक्षा किती तरी मोठा आहे. इब्न फदलानचा मूळ मजकूर शेकडो वर्षे गायब होता; याकूतच्या भूगोलकोशातल्या उताऱ्यांवरच लोकांचे काम चालत होते. १९२३ साली झेकी वेलिदी तोगान या बाश्कीर विद्वानाला इराणच्या मशहदमध्ये त्याचे हस्तलिखित सापडले. आज डॅनिश आणि स्वीडिश संशोधकांना आपल्याच पूर्वजांविषयी जाणून घ्यायचे असेल, तर बगदादच्या या मुसाफिराचे पान उघडावे लागते. आणखी कुठला अभिमान हवा?

युरोपात नातेवाईक असणारी कुटुंबे आपल्याकडे आता बरीच आहेत. कधी त्या बाजूला जाणे झाले तर मुलांना रोस्किल्डेला जरूर न्या. मे-जूनमध्ये गेलात तर जाड स्वेटर घ्या, डबा घरून न्या आणि नमाजेच्या वेळा आधी पाहून ठेवा. जहाजे दाखवा, वल्ही मारू द्या. मग धक्क्यावर बसून त्यांना इब्न फदलानची गोष्ट सांगा. बर्फाची दाढी, हरवलेली ईशा, एका घंगाळातले पाणी. मुले थोडी मोठी असतील तर त्या मुलीचीही गोष्ट सांगा. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण ती होती, आणि एका मुस्लिम मुसाफिराने लिहून ठेवले म्हणूनच ती होती हे जगाला कळले.